रोबोटला वाट कोण करून देतं?

एकच रुग्णालय, एकाच बनावटीचा रोबोट, आणि तरीही दोन वॉर्डांत त्याचं नशीब वेगवेगळं निघालं. बाळंतिणींच्या वॉर्डात तो चटकन रुळला. कर्करुग्णांच्या आणि तशाच गंभीर आजारांच्या वॉर्डांत मात्र तो सगळ्यांच्या डोळ्यांत सलू लागला. बिल्गे मुटलू आणि जोडी फोर्लिझी या दोन संशोधकांनी सामान पोचवणाऱ्या या रोबोटांचं रुग्णालयात बराच काळ निरीक्षण केलं आणि २००८ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. रोबोटमध्ये काडीचाही फरक नव्हता, फरक होता वॉर्डांच्या दिनक्रमात. गंभीर रुग्णांच्या वॉर्डात परिचारिकांना मधेच कुणी थांबवलेलं परवडत नव्हतं, कॉरिडॉर सामानाने आणि वर्दळीने भरलेले असायचे, आणि त्या रोबोटपायी जे जास्तीचं करावं लागत होतं त्याच्या मानाने पदरात फारसं काही पडत नव्हतं. बाळंतिणींच्या वॉर्डात कामाला जरा उसंत होती, वाट मोकळी होती, वातावरणच आनंदाचं होतं. तिथे त्याच रोबोटच्या बडबडीची लोकांना गंमत वाटली.

हा निबंध वाचताना मी अनेकदा थांबले, कारण त्यातले कॉरिडॉर मला ओळखीचे वाटत होते. मी एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्या इमारतीत आलेला रोबोटही असाच सामान वाहणारा आहे. कमरेएवढ्या उंचीचं कपाट, आत कुलूपबंद खण, वर एक पडदा आणि पडद्यावर दोन गोल डोळे. वॉर्डांतून रक्ताची, लघवीची सॅम्पल घेऊन तो आमच्याकडे येतो, फार्मसीतून औषधं वर नेतो. अडथळा आला की थांबतो, डोळे मिचकावतो आणि गोड आवाजात वाट मागतो. सुरुवातीला त्याच्याभोवती गर्दी व्हायची. रुग्णांना भेटायला आलेली मुलं त्याच्या मागे पळायची, निवासी डॉक्टर त्याच्यासोबत सेल्फी काढायचे. व्यवस्थापनाने एक छोटा समारंभ केला आणि रुग्णालयाच्या पत्रिकेत फोटोखाली ओळ छापली, ‘कर्मचाऱ्यांकडून नव्या सहकाऱ्याचं उत्साहात स्वागत’.

उत्साह खराच होता. पण उत्साह म्हणजे स्वीकार असं धरून चालणं ही या विषयातली फार जुनी गफलत आहे. जपानमध्ये ताकायुकी कांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोबोव्ही नावाचा, मुलांशी इंग्रजीत बोलणारा रोबोट एका प्राथमिक शाळेत दोन आठवडे ठेवला होता. पहिल्या आठवड्यात मुलांची झुंबड उडाली, दुसऱ्या आठवड्यात ती ओसरली. नवेपणाचं तेज असंच असतं. कामाच्या ठिकाणी ते आणखी लवकर उतरतं असं मला वाटतं, कारण शाळेतल्या मुलाला रोबोटशी खेळायचं असतं आणि सिस्टरला दुपारी दोनच्या आत चौदा रुग्णांची औषधं द्यायची असतात.

मग खरा स्वीकार कशाला म्हणायचं? तंत्रज्ञान लोक का वापरतात याबद्दल फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये एक साधी मांडणी केली होती आणि ती आजही जगभर वापरली जाते. वस्तू उपयोगाची वाटते का आणि ती वापरायला सोपी वाटते का, या दोन प्रश्नांवर पुष्कळसं ठरतं, असं त्यांचं म्हणणं. संगणकाच्या एखाद्या प्रोग्रॅमसाठी हे बऱ्यापैकी पुरतं. पण कॉरिडॉरमधून फिरणारा, बोलणारा, डोळे असलेला रोबोट एकट्या माणसाच्या टेबलावर राहत नाही. तो चार विभागांच्या मधून जातो. तिथे ‘उपयोगाचा आहे का’ एवढं विचारून भागत नाही, कुणाच्या उपयोगाचा, हेही विचारावं लागतं. जोनाथन ग्रुडिन यांनी डेव्हिस यांच्याही आदल्या वर्षी, १९८८ मध्ये, कार्यालयांत सगळ्यांनी मिळून वापरायच्या संगणकप्रणाली का फसतात याची कारणं शोधली होती. त्यातलं पहिलं कारण मला फार पटतं. जास्तीचं काम एकाला पडतं आणि फायदा दुसऱ्याला होतो.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. प्रयोगशाळेला रोबोट लगेच आवडला. सॅम्पल वेळेवर येऊ लागली, कुठली पेटी कुठे आहे ते स्क्रीनवर दिसू लागलं, फोनवरची हुज्जत कमी झाली. मी स्वतः पहिल्या आठवड्यातच त्याची बाजू घेऊ लागले होते. वॉर्डातलं चित्र वेगळं होतं. पूर्वी वॉर्डबॉय मामा यायचे, ट्रे बघायचे, कुठलं सॅम्पल बर्फात ठेवायचं आहे ते त्यांना सांगावं लागायचं नाही, उचलायचे आणि जायचे. आता रोबोट दारात येऊन उभा राहतो. सिस्टरनी हातातलं काम सोडून यायचं, पासवर्ड टाकायचा, खण उघडायचा, सॅम्पल नीट लावायची, खण बंद करायचा आणि ‘पाठवा’ दाबायचं. मिनिटभराचंच काम, पण एका शिफ्टमध्ये असे कितीतरी मिनिटभर. आम्हाला मिळालेला वेळ आकाशातून पडलेला नव्हता. तो त्यांच्या शिफ्टमधून कापून आमच्या पदरात घातला गेला होता.

एक प्रसंग मी अगदी जवळून पाहिला. संध्याकाळी भेटीच्या वेळी मी एका सॅम्पलबद्दल विचारायला वर गेले होते. लिफ्टमधून रोबोट बाहेर आला आणि सलाइनच्या स्टँडपाशी अडला. स्टँडच्या पलीकडे एक गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरांच्या खोलीतून ते नुकतेच बाहेर आले असावेत, त्यांच्या हातातल्या फाइलचे कागद खाली सरकत होते आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. रोबोटने त्याच्या आनंदी आवाजात वाट मागितली. मग पुन्हा. मग पुन्हा. त्या आवाजात काही फरक पडत नव्हता, पडणारही नव्हता. तेवढ्यात वॉर्डातल्या मावशी आल्या. त्यांनी एका हाताने स्टँड बाजूला केला, दुसऱ्या हाताने त्या गृहस्थांच्या कोपराला धरून त्यांना बाकावर बसवलं, कागद गोळा करून त्यांच्या मांडीवर ठेवले आणि जाता जाता रोबोटच्या पडद्यावरचं बटण दाबून त्याला पुढे पाठवलं. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

खाली येऊन मी सहज प्रणालीतली नोंद पाहिली. त्या फेरीपुढे लिहिलं होतं, ‘फेरी पूर्ण, साहाय्याची गरज नाही’.

माझं सगळं म्हणणं या एका नोंदीभोवती फिरतं. रोबोट ‘रुळला’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या आसपासच्या माणसांनी त्याच्यासाठी जागा केलेली असते. स्टँड हलवलेले असतात, पाहुण्यांना समजावलेलं असतं, तो कुठे अडतो ते पाठ केलेलं असतं, त्याचा आनंदी आवाज कुठे नको आहे ते ओळखून त्याला आधीच वळवलेलं असतं. हे काम कुणाच्याही कामाच्या यादीत नाही. ते केलं तर रोबोटचं नाव होतं, नाही केलं तर ‘कर्मचारी बदलाला तयार नाहीत’ असा शेरा बसतो. स्वीकार ही मनाची अवस्था आहे असं समजून लोकांच्या मनाची सर्वेक्षणं घेतली जातात. मला तो बराचसा हातापायांनी केलेला, न मोजलेला श्रम दिसतो.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण जपानमधलंच आहे. नागासाकीजवळ २०१५ मध्ये ‘हेन ना हॉटेल’ सुरू झालं. स्वागतकक्षापासून सामान नेण्यापर्यंत सगळीकडे रोबोट. जगभर त्याची चर्चा झाली. २०१९ च्या सुरुवातीला बातमी आली की तिथल्या २४३ रोबोटांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकले गेले. खोलीतला बोलका रोबोट पाहुण्यांच्या घोरण्यालाच बोलणं समजायचा आणि त्यांना झोपेतून उठवून पुन्हा सांगायची विनंती करायचा. असे किस्से वाचून लोक हसले. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटली. हे रोबोट कामगारांचं काम कमी करायला आणले होते आणि त्यांच्या चुका निस्तरता निस्तरता माणसांचं काम वाढलं होतं. पाहुण्याला रात्री जाग आली की फोन शेवटी माणसालाच जायचा.

आता कुणी म्हणेल, लोक तर रोबोटशी बोलतात, त्याचं लाडाने नाव ठेवतात, सणावाराला सजवतात, मग हा स्वीकार नाही का? आमच्याकडेही त्याचं नाव ठेवलं गेलं. रात्रपाळीतल्या सिस्टर त्याला जाताना ‘सावकाश जा’ म्हणतात. मी ते ऐकलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. माणसाचं मन इथे चटकन वितळतं. एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये एलायझा हा संवाद करणारा प्रोग्रॅम तयार केला. तो समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा, एवढंच. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर तिने वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. पुढे क्लिफर्ड नास आणि बायरन रीव्ह्ज यांनी स्टॅनफर्डमध्ये अनेक प्रयोग करून दाखवलं की आपण यंत्रांशी नकळत माणसांसारखं वागतो. त्यातला एक प्रयोग तर फार बोलका आहे. एका संगणकावर काम केलेल्यांना त्याच संगणकाने ‘मी कसं काम केलं’ असं विचारलं, की लोक त्याला बरं वाटेल असं उत्तर द्यायचे. दुसऱ्या संगणकावर तोच प्रश्न आला, की जरा मोकळेपणाने टीका करायचे. विचारलं तर हेच लोक म्हणणार, यंत्राला कसल्या भावना!

तेव्हा सौजन्य आपोआप येतं. ज्याला डोळे आहेत आणि जो वाट मागतो त्याच्याशी आपण नीट वागतो, कारण आपण माणसं आहोत. संमतीचा त्याच्याशी संबंध नाही. यावरून मला एक काळजी वाटते आणि ती मी लपवणार नाही. रोबोटला गोड चेहरा दिला की लोकांना त्याच्याबद्दल तक्रार करणं जड जातं. एखाद्या मशिनबद्दल ‘हे इथे नको’ असं सिस्टर बैठकीत सरळ म्हणतील. डोळे मिचकावणाऱ्या, नाव असलेल्या रोबोटबद्दल तसं म्हटलं की आजूबाजूचे ‘अगं, किती गोड आहे तो’ म्हणून हसतात आणि मुद्दा तिथेच विरतो. पेपर हा रोबोट जपानच्या सॉफ्टबँक कंपनीने २०१४ मध्ये लोकांसमोर आणला. तो साधारण १२० सेंटिमीटर उंच, म्हणजे लहान मुलाएवढा, मोठ्या डोळ्यांचा. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्र माणसासारखं होत जातं तशी आपुलकी वाढते, पण ते जवळजवळ माणसासारखंच झालं की एकदम अंगावर काटा येतो. त्यामुळे हे रोबोट मुद्दाम त्या टोकाच्या अलीकडे, बाहुलीसारखे ठेवले जातात. डिझाइन म्हणून यात काही गैर नाही. पण घाबरू न देणारा चेहरा बनवण्यावर जेवढी मेहनत घेतली जाते, तेवढी सिस्टरला ‘तुम्हाला हा किती वाजता आलेला चालेल’ हे विचारण्यावर घेतली जात नाही.

तरीसुद्धा आपुलकीला मी कमी लेखत नाही. एडिनबरामधल्या एका किराणा दुकानात २०१८ च्या सुमारास हेरियट-वॉट विद्यापीठाच्या संशोधकांनी पेपर रोबोट कामाला ठेवला होता. ग्राहकांना मदत करणं हे त्याचं काम. दुकानातल्या गोंगाटात त्याला बोलणं नीट कळेना, कुठली वस्तू कुठे असं विचारल्यावर मोघम उत्तरं यायची, लोक त्याला टाळू लागले आणि आठवड्याभरात त्याला काढलं. पण त्याला खोक्यात भरताना दुकानातल्या कर्मचाऱ्यांना वाईट वाटलं, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. संशोधकांना वाटलं होतं, कर्मचाऱ्यांना तो प्रतिस्पर्धी वाटेल. ग्राहकांनी ज्याला नाकारलं त्याला सहकाऱ्यांनी आपलं मानलं होतं. याचा अर्थ मी असा लावते की शेजारी उभं राहून रोज काम करणाऱ्यांचं नातं वेगळ्या वाटेने तयार होतं. त्यांनी त्याची फजिती जवळून पाहिलेली असते, ती सांभाळूनही घेतलेली असते.

चुकांचं हे प्रकरण गुंतागुंतीचं आहे. ऑस्ट्रियात निकोल मिर्निग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुद्दाम चुका करणारा रोबोट लोकांना बिनचूक रोबोटपेक्षा जास्त आवडला. दुसरीकडे बर्कली डिएटव्होर्स्ट यांनी २०१५ मध्ये दाखवलं की माणसाची चूक आपण जेवढी पोटात घालतो तेवढी संगणकाच्या अंदाजाची घालत नाही. एकदा तो चुकलेला दिसला की लोक त्याच्यावरचा विश्वास लगेच काढून घेतात, तो माणसापेक्षा कमी चुकत असला तरी. हे दोन्ही निष्कर्ष आमच्या कॉरिडॉरमध्ये एकाच वेळी खरे ठरतात. रोबोट दाराला धडकून ‘माफ करा’ म्हणाला की सगळे हसतात. बर्फातलं सॅम्पल घेऊन तो लिफ्टपाशी अडकून राहिला आणि रुग्णाचं रक्त पुन्हा काढावं लागलं, की कुणी हसत नाही. सुई पुन्हा टोचायला सिस्टरनाच जावं लागतं आणि रुग्णाची नजरही त्यांनाच झेलावी लागते. मामांच्या हातून असं झालं असतं तर त्यांनी वर जाऊन ‘चुकलो’ म्हटलं असतं. रोबोटच्या वतीने कुणी चढून वर जात नाही.

डिएटव्होर्स्ट यांचंच पुढचं संशोधन मला सगळ्यांत उपयोगाचं वाटलं. संगणकाच्या अंदाजात लोकांना थोडासा बदल करायची मुभा दिली की, तो बदल अगदी किरकोळ असला तरी, ते तो अंदाज वापरायला पुष्कळ जास्त तयार होतात. माणसाला पूर्ण ताबा लागतोच असं नाही. आपलाही हात लागला आहे एवढं लागतं. आमच्याकडे परिस्थिती कशाने सुधारली असेल तर यानेच. बऱ्याच कुरबुरीनंतर वॉर्डाच्या मुख्य सिस्टरना फेऱ्यांच्या वेळा बदलण्याचा अधिकार मिळाला. त्यांनी पहिलं काय केलं, तर शिफ्ट बदलताना हँडओव्हर चालतो त्या वेळात रोबोटला वॉर्डात येऊच दिलं नाही. दुसरं, भेटीच्या वेळी त्याचा आवाज बंद केला, फक्त दिवा लागेल असं ठेवलं. तिसरं त्यांनी केलं ते मला फार आवडलं. अतिदक्षता विभागाच्या दारापाशी जिथे नातेवाईक बसतात, तो रस्ताच त्याच्या नकाशातून काढून टाकला. लांबचा फेरा पडतो, आम्हाला सॅम्पल थोडी उशिरा मिळतात. मला एकदाही ते खटकलेलं नाही. त्यानंतर वॉर्डातला त्याच्याबद्दलचा सूर बदलला. रोबोट तोच होता, प्रोग्रॅम तोच होता, पण आता तो त्यांच्या वेळापत्रकाने चालत होता.

रोबोटचं काम माणसामाणसांत काय करून ठेवतं, याचाही विचार व्हायला हवा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मिन क्युंग ली आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयात खाऊ वाटणारा रोबोट चार महिने फिरवला आणि २०१२ मध्ये त्यावर लिहिलं. काही जणांशी तो त्यांच्या मागच्या आवडीनिवडी लक्षात ठेवून बोलायचा, काहींशी सगळ्यांना लागू पडेल असं बोलायचा. लोक त्याच्याशी सौजन्याने वागले, दुसऱ्यांपासून त्याची राखण करू लागले, त्याच्या लकबी उचलू लागले. आणि तो दुसऱ्याशी जास्त छान बोलतो म्हणून काहींना चक्क हेवा वाटला. खाऊ देणाऱ्या यंत्राने सहकाऱ्यांत तुलना सुरू करून दिली. कारखान्यांतही असंच काहीसं दिसलं. बॅक्स्टर नावाच्या रोबोटच्या पडद्यावर डोळे होते आणि हात जिकडे जाणार तिकडे ते आधी वळायचे, म्हणजे शेजारच्या कामगाराला कल्पना यावी. अॅलिसन सॉपे आणि मुटलू यांनी २०१५ मध्ये लिहिल्याप्रमाणे, त्याच्यासोबत दिवसभर काम करणारे त्याच्याकडे सहकारी म्हणून बघायचे, पण दुरुस्ती आणि व्यवस्थापन पाहणाऱ्यांना तो निव्वळ यंत्र वाटायचा. एकच वस्तू, आणि पदागणिक तिचं रूप वेगळं. मग ‘कर्मचाऱ्यांनी रोबोट स्वीकारला’ या वाक्यात कर्मचारी म्हणजे कोण?

एका रात्रपाळीला मावशी सॅम्पल घेऊन स्वतःच खाली आल्या होत्या. रोबोट चार्जिंगला लावलेला होता. त्या जरा वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

“ताई, याला कॅमेरा आहे ना?”

“आहे. रस्ता दिसायला लागतो त्याला.”

“मग आम्ही कुठे बसतो, किती वेळ बसतो, ते पण दिसत असेल.”

मी म्हटलं, चित्रीकरण साठवलं जात नाही असं सांगितलंय.

“तुम्हाला सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी मला विचारलं की पुढच्या वेळी कंत्राटाचं नूतनीकरण होईल तेव्हा वॉर्डबॉयच्या किती जागा राहतील, मला काही माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा त्याच कंत्राटावर दुसऱ्या मजल्यावर काम करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

युरोपीय महासंघाने २०१७ मध्ये घेतलेल्या जनमत चाचणीत ६१ टक्के लोकांनी रोबोट आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल चांगलं मत दिलं होतं आणि त्याच चाचणीत ७२ टक्के लोक म्हणाले की ही यंत्रं माणसांच्या नोकऱ्या हिरावतात. वरवर हे आकडे एकमेकांना खोडतात. मावशींशी बोलल्यावर मला त्यात विसंगती दिसत नाही. त्याच मावशी रोज स्टँड बाजूला करून रोबोटला वाट देतात. त्यांचा राग रोबोटवर नाहीच. जो निर्णय त्याच्या मागून येणार आहे आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही, त्याची त्यांना भीती आहे. ही भीती ‘तंत्रज्ञानाविषयी अज्ञान’ म्हणून प्रशिक्षण वर्गात घालवता येत नाही. आमच्याकडे तसा वर्ग झाला. बटणं कुठली दाबायची ते शिकवलं, खण अडकला तर काय करायचं ते सांगितलं. प्रश्न विचारायला शेवटी वेळ ठेवला होता, त्यात चार्जिंगबद्दल दोन प्रश्न आले. जागांबद्दल कुणी विचारलं नाही, कारण उत्तर देऊ शकेल असं कुणी त्या खोलीत नव्हतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला रोबोट हवा आहे. हे स्पष्ट सांगते, कारण आतापर्यंतचं वाचून कुणाला उलटं वाटेल. मामांच्या गुडघ्यांनी वर्षानुवर्षं या इमारतीचे जिने चढले आहेत. पहाटे तीन वाजता जड पेट्या घेऊन दोन इमारतींमधला पूल ओलांडणं हे माणसाने करावं असं काम नाही. रोबोटने ते करावं, रोज करावं. पण त्याने वाचवलेला वेळ कुणाच्या वाट्याला गेला आणि त्याच्यासाठी लागणारा वेळ कुणी दिला, याचा हिशेब त्याच कागदावर दिसला पाहिजे ज्यावर त्याच्या फेऱ्या दिसतात. वाचलेला वेळ रुग्णाशेजारी बसायला मिळाला, तर सिस्टर त्या रोबोटला स्वतः पुसून ठेवतील. तोच वेळ जागा कमी करायला वापरला, तर त्याला कितीही गोड डोळे लावा.

मुख्य सिस्टरनी गेल्या महिन्यात प्रशासनाला एक पत्र दिलं. प्रयोगशाळेकडून मीही त्यावर सही केली. त्यात तीन मागण्या आहेत. रोबोटचा खण भरणं-रिकामा करणं हे काम प्रत्येक शिफ्टच्या मनुष्यबळाच्या हिशेबात धरावं. रस्त्यात कुणी त्याला मदत केली तर तशी नोंद करायची सोय पडद्यावर असावी, आणि ‘साहाय्याची गरज नाही’ हा शेरा आपोआप पडू नये. तिसरी, कंत्राटाचं नूतनीकरण होण्याआधी कंत्राटी कर्मचाऱ्यांसमोर जागांबद्दल बोललं जावं, ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्याच्याकडून. दुसऱ्या मागणीला होकार आला आहे, पडद्यावर तसं बटण येणार असं कळवलं आहे. पहिलीवर ‘अभ्यास करून कळवू’ असं उत्तर आहे. तिसरीचा उत्तरात उल्लेखच नाही, म्हणून ती आम्ही पुन्हा लिहून दिली आहे, या वेळी मावशींच्या आणि मामांच्याही सह्या घेऊन.